दहा टक्के उजेड

आमच्या नाटकातली आई शेवटच्या प्रवेशात मरायची आणि तिच्यावरचा उजेड हळूहळू काढून घ्यायचं काम माझं होतं. माझी आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच बदलतो, म्हणून मी ती सहसा एकत्र सांगत नाही. रायपूरच्या आमच्या कॉलेजात कोणी विषयही काढला नाही. फक्त दिग्दर्शन करणारी दीदी, जी आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, पहिल्या वाचनानंतर मला बाहेरच्या पायरीवर घेऊन आली आणि म्हणाली, "तू कर लेगी ना? नहीं तो अभी बता दे." मी म्हटलं, "कर लूँगी." ते काही खोटं नव्हतं. मला खरंच काही वाटत नव्हतं.

दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो. माझं तसं झालं होतं, आणि ते उतरतच नव्हतं. जेवत होते, झोपत होते, विनोदाला हसत होते. आईच्या साड्या आत्याने वाटून टाकल्या तेव्हा मी त्या घड्या करून दिल्या. रडले मात्र एकदाही नाही. चौबे कॉलनीतल्या शेजारणी मला बघून आपापसात म्हणायच्या, पोरगी फार धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा.

नाटकाच्या ग्रुपमध्ये मी दोन वर्षं होते आणि पहिल्यापासून लाइटवरच होते. स्टेजवर उभं राहायची मला हौस नाही. प्रेक्षकांच्या मागे टेबलाशी अंधारात बसायचं, समोर डिमरचा बोर्ड, त्यावर बारा फेडर म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या बारा कळा, आणि एकेका कळेला एकेक दिवा. कळ वर सरकवली की समोरच्या माणसाला चेहरा येतो, खाली ओढली की तो जातो. कोणी माझ्याकडे बघत नाही आणि मी सगळ्यांकडे बघते. माझ्या स्वभावाला हे काम इतकं जुळतं की कधी कधी माझी मलाच भीती वाटते.

नाटक दीदीनेच लिहिलेलं, हिंदीत, मध्ये मध्ये छत्तीसगढी. एक आई, खाटेवर, आणि तिला भेटायला आलेली मुलं. सकाळ ते दुपार एवढाच वेळ. सकाळ मी चटकन केली. डावीकडून, खालच्या बाजूने, अंबर, म्हणजे केशरी-पिवळ्या रंगाचा कागद लावलेला एक दिवा, खिडकीतून ऊन खाटेच्या पायापर्यंत पोचावं तसा. त्यावर सगळे खूश झाले. भांडण झालं ते शेवटच्या प्रवेशावरून.

दीदीला निळा हवा होता. मरण म्हटलं की निळा, पहाट म्हटली की गुलाबी, राग म्हटला की लाल, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. मी म्हटलं, निळा नाही. पांढरा. वरून सरळ, कागद न लावता, रायपूरच्या मे महिन्यात दुपारी बाराला असतो तसा.

"पर वो मर रही है," दीदी म्हणाली.

"हाँ, तो?" मी म्हटलं. "तब भी लाइट वैसी ही रहती है."

तिने हातातली संहिता मिटली. मी काही तिला अडवायला बोलले नव्हते. मला जे माहीत होतं ते सांगितलं, एवढंच. आई गेली तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते. दवाखान्याच्या खोलीत ट्यूबलाइट चालू होती, खिडकीतून ऊनही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही जराही हललं नाही. नर्सने चादर वर ओढली. उजेड होता तिथेच होता. मी मनात म्हटलं, अरे, एवढंच असतं होय.

शेवटी तडजोड झाली. उजेड पांढरा ठेवायचा, पण आईचा हात खाटेवरून खाली पडला की वीस सेकंदांत तो पूर्ण उतरवायचा, अगदी शून्यापर्यंत, आणि मग पडदा. उतरवणं भागच होतं. आईचं काम करणारी पोरगी चांगली अंगापिंडाने भरलेली होती, आणि प्रयोगाआधी समोसे खाल्ल्याशिवाय तिला वाक्यं आठवत नसत. ती मेली तरी तिचं पोट हलायचं. दीदीचं म्हणणं, ब्लॅकआऊट हा मेलेल्या नटांचा श्वास लपवायलाच असतो. यात तिचं अगदी बरोबर होतं.

आता बाबांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. बाबा विजेच्या ऑफिसात मीटरच्या खात्यात नोकरीला. घरात ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना वाटेतली सगळी बटणं बंद करत जायचे. "कोनी नाही खोलीत, तं लाइट कायले चालू आहे?" हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असली तरी यांचा हात बटणावर. मग आतून आवाज यायचा, "मी आहो नं खोलीत! घुबड आहो का मी, अंधारात कांदा चिराले?" कूलरचंही तेच. आमच्या बैठकीच्या खिडकीला मोठा कूलर आहे. उन्हाळ्यात आई जेवण झालं की म्हणायची, लावा नं जरासा. बाबा म्हणायचे, चारनंतर लावू. चार वाजेपर्यंत ती पदराने वारा घेत बसायची.

आई गेल्यावर बाबांनी बटणं बंद करणं सोडून दिलं. संध्याकाळी लावलेला स्वयंपाकघरातला दिवा सकाळी दूध येईपर्यंत तसाच जळत असायचा. माझ्या लक्षात आलं होतं, पण मीही तो बंद केला नाही.

आई गेली ती नेमकी नवतपात, मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हात. ते नऊ दिवस इकडे कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. आमच्या घरची पद्धत अशी की माणसाला शेवटचं जिथे निजवलं असेल, तिथे जमिनीवर पीठ पसरून त्यावर तेलाचा दिवा ठेवायचा. तेरा दिवस तो विझू द्यायचा नाही. जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. तेराव्या दिवशी सकाळी मोठी माणसं वाकून बघतात, पिठावर पाऊल कशाचं उमटलं ते. ज्याचं पाऊल, तो जन्म. दिवा कोणी हाताने विझवायचा नाही, तेल सरलं की तो आपला आपण शांत होतो.

दिवा बैठकीत होता, म्हणून बैठकीतला पंखा बंद आणि कूलर बंद. मोठी आत्या अभनपूरहून आली होती, तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं. आलेली माणसं ओळीने सतरंजीवर बसायची आणि वर्तमानपत्राने वारा घ्यायची. घाम आणि रडणं वेगवेगळं दिसेनासं झालं होतं, त्याचा मला फायदाच झाला. दिव्याजवळ बसायच्या पाळ्या आत्याने ठरवून दिल्या. दुपारची जेवणं झाल्यापासून चहापर्यंत माझी पाळी होती.

चौथ्या दिवशी मी पंखा लावला. नंबर एकवर, पाच मिनिटं, असं मनाशी म्हणून. सगळे आतल्या खोल्यांत आडवे झाले होते. दिवा भिंतीच्या कोपऱ्यात होता, पंखा मध्यभागी. मी हिशेब केला की तिथवर वारा पोचणार नाही. दीड वर्ष लाइटचं काम करणाऱ्या माणसाला कोन कळतो असा माझा समज होता. भिंतीला पाठ टेकली आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा वात काळी होती, आणि पीठ एका बाजूला उडून भिंतीला लागलं होतं. पहिल्यांदा मी पंखा बंद केला. मग देव्हाऱ्यातली काडेपेटी आणून दिवा लावला. मग कॉलेजच्या ओळखपत्राच्या कडेने सगळं पीठ पुन्हा सारखं केलं, एकही रेघ राहू दिली नाही, अगदी कागदासारखं सपाट. किती वेळ दिवा विझलेला होता ते मला माहीत नाही. पाच मिनिटं असेल, तास असेल. चहाला आत्या उठून आली, दिव्याकडे बघून तिने हात जोडले, आणि मीही जोडले.

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. दिव्याने कोणाला वाट दिसते यावर माझा विश्वास नव्हता आणि नाही. तरी त्या दिवसापासून मला एकच गोष्ट कळत होती, की एवढंसं काम होतं, बसून राहायचं, आणि मी ते केलं नाही.

तेराव्या दिवशी सकाळी आत्या पिठावर वाकली आणि एकदम मागे सरली. पिठात दिव्याच्या उजवीकडे तीन रेघा होत्या. एका जागेहून निघून पुढे फाकलेल्या, बोटभर लांब. "पाखरू झाली माह्यी वहिनी," आत्या म्हणाली. "चिमणी झाली." बायका रडायला लागल्या. बाबा उठले आणि बाथरूममध्ये गेले, बराच वेळ नळ वाहत राहिला.

मी त्या रेघांकडे बघत होते. पीठ मी सपाट केलं होतं. एकही रेघ सोडली नव्हती, हे मला शपथेवर सांगता आलं असतं. तेव्हा त्या रेघा माझ्या नव्हत्या. म्हणजे दिवा माझ्या हातून विझला होता, आणि तरीही ती आली होती. अंधारातून आली, की मी दिवा लावल्यानंतर आली, ते काही मला कळायला मार्ग नव्हता, पण आली होती. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर पंख्याचंही सांगावं लागलं असतं. त्या तीन रेघा मी स्वतःजवळ ठेवल्या. सहा महिने माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि ज्याला काहीच वाटत नाही त्यालाही एवढं पुरतं.

तर असं सगळं असताना माझ्यासमोर ती खाट, तिच्यावर एक बाई निजलेली, आणि तिच्यावरचा दिवा माझ्या बोटाखाली.

तालमीत पहिल्यांदा शेवटचा प्रवेश आला, हात खाली पडला, मी फेडर ओढायला लागले. ऐंशी, साठ, चाळीस, वीस, दहा. दहावर माझं बोट थांबलं. मी थांबवलं नाही, थांबलं. पांढरा दिवा इतका खाली आला की पिवळा पडतो; खाटेवर तसा फिकट पिवळा उजेड उरला आणि त्यात तिचं पोट वर-खाली होत होतं. दीदी ओरडली, "पूरा डाउन!" मी म्हटलं, "फेडर अटक रहा है." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं आणि मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी शंकर नगरचे लाइटवाले भैया, ज्यांच्याकडून आम्ही सगळं सामान आणायचो, बिचारे स्कूटरवरून पेचकस घेऊन आले. त्यांनी बोर्ड उघडला, कापसाला स्पिरिट लावून ती एक कळ साफ केली, दहा वेळा वर-खाली करून बघितली आणि म्हणाले, "बहिनी, ये तो मक्खन चल रहा है." दीदीने माझ्याकडे बघितलं. मी बोर्डकडे बघितलं.

गंमत म्हणजे मधले सगळे ब्लॅकआऊट मी बिनचूक करायचे. माणसं आत-बाहेर जायची, खुर्च्या हलायच्या, तेव्हा अंधार करायला माझं काही जायचं नाही. फक्त तो एक. दीदी एकदा जवळ बसून हळू आवाजात म्हणाली की शेवटचा दिवा उतरवायचं काम माझ्याकडे दे, मी स्वतः फेडर ओढते. मी म्हटलं, नाही. दुसऱ्या कोणी तो दिवा उतरवलेला मला चालला नसता, आणि मला स्वतःला तो उतरवता येत नव्हता. अशा माणसाला ग्रुपमधून काढून टाकायला हवं, पण घरी मयत झालेल्या माणसाला कोणी काढून टाकत नाही. ही सवलत मी वापरली, हे कबूल करते.

"प्रयोगाच्या दिवशी होईल," मी दीदीला म्हटलं. तिने विश्वास ठेवला, निदान तसं दाखवलं.

स्पर्धा नोव्हेंबरात होती, आमचा प्रयोग संध्याकाळी पाचला. मी घरी सहज बोलले, तर बाबा म्हणाले, येतो. मी चकितच झाले. वर्ष झालं नव्हतं, या वर्षात आमच्याकडे लग्नालाही कोणी जात नाही. आत्याचा फोन आलाच, "तिचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे अन् पोट्टी नाटकं करून राहिली, तूही चालला का?" बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "पोट्टी लाइट लावते. पाहून येतो." ते इस्त्रीचा शर्ट आणि वर आईने विणलेला स्वेटर घालून आले आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसले. पूर्ण सभागृहात स्वेटर घातलेले ते एकटेच होते, थंडी अजून तशी पडलीच नव्हती.

नाटक चांगलं चाललं. सकाळचं ऊन खाटेच्या पायाला बरोबर लागलं. दुपार झाली, मी वरचा पांढरा दिवा चढवला, आणि समोरच्या रांगेतल्या एक-दोघांनी डोळ्यांवर हात धरलेला मला दिसला. मला बरं वाटलं. म्हणजे, बरं वाटायला पाहिजे हे कळलं.

मग तिचा हात खाटेवरून खाली पडला.

ऐंशी. साठ. चाळीस. वीस. दहा.

बोट थांबलं. मी त्याला मनात शिवी दिली. चल, म्हटलं, एवढंसं तर आहे, नखभर. सभागृहात खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही. खाटेवर ती पडलेली, आणि तिचं पोट वर-खाली. दुरूनही दिसत होतं. विंगेतून दीदी दोन्ही हात खाली दाबून दाखवत होती, आधी हळू, मग जोरजोरात. आईच्या पायाशी बसलेल्या मुलाला काय करावं कळेना, शेवटी त्याने चादर ओढून तिच्या अंगावर घातली. आता चादर वर-खाली व्हायला लागली. मला वाटत होतं, आहे ना अजून. श्वास आहे ना. मग घाई कशाची आहे तुम्हाला.

तिसऱ्या रांगेत बाबा स्टेजकडे बघत नव्हते. ते मान मागे वळवून माझ्या टेबलाकडे बघत होते.

शेवटी कोणीतरी दोर ओढला आणि पडदा कुरकुरत बंद झाला. पडद्याखालच्या फटीतून तो दहा टक्के उजेड तसाच दिसत राहिला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दीदी दात-ओठ खात माझ्याकडे येत होती, तेवढ्यात परीक्षकांपैकी एक सर वाटेत तिला भेटले आणि म्हणाले, अंत में लाइट नहीं जाने दी, बहुत बोल्ड डिसीजन था. दीदी अर्ध्या वाटेत बदलली आणि येऊन तिने मला मिठी मारली. मी सरांना थँक्यू म्हटलं. ज्या चुकीसाठी मार खायचा तिचं कौतुक झालं, तर माणसाला हसू तरी यावं. मला तेही आलं नाही.

सभागृह रिकामं झालं. पडदा उघडून मंडळींनी घड्याळ, खुर्च्या, तांब्या असलं सामान नेलं, खाट जड म्हणून राहिली. चपराशाने सभागृहातले दिवे घालवले आणि तो दाराशी जाऊन बसला. लाइटवाले भैया चहाला जाताना मला म्हणाले, "बहिनी, सब बंद कर देना. ठंडा होगा तब उतारेंगे." दिवे तापलेले असताना उतरवता येत नाहीत, हात भाजतात. मी अकरा फेडर शून्यावर आणले. बारावा दहावर होता तो तसाच ठेवला.

बाबा आले. हातात कॉलेजने दिलेला नाश्त्याचा डबा, त्यांनी तो उघडलाही नव्हता. शेजारच्या खुर्चीवर बसले. बोर्डकडे बघून म्हणाले, "शेवटी बंद काहून नाही केला?"

मी काहीतरी उत्तर देणार होते, फेडरचं, अटकण्याचं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "बाबा, आईचा दिवा माझ्यानं विझला होता."

ते माझ्याकडे वळले.

"चौथ्या दिवशी. मी पंखा लावला. एक नंबरवर. झोप लागली मले. उठली तं विझला होता. मग पुन्हा लावला, पीठ सारखं केलं. कोनाले नाही सांगितलं."

"दुपारी?"

"हो."

त्यांनी डबा मांडीवरून टेबलावर ठेवला. त्याचा रबर काढला, पुन्हा लावला. "मी नवव्या दिवशी कूलर लावला होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"तू कॉलेजचा फार्म भराले गेली होती. तुह्यी आत्या आंघोळीले. दोन वाजले होते. मी एकटा बसून होतो अन् सारखं तेच ऐकू येऊन राहिलं, लावा नं जरासा, लावा नं जरासा. म्हटलं, दोन मिनिटं. आता कायचे चार वाजायचे आहेत. तिच्यासाठी लावला. तं दिवाच गेला. पीठ सारं उडालं, वरून पानी शिंपडल्यासारखं झालं. मंग दिवा लावला, नवीन पीठ टाकलं, अन् सारखं केलं."

"कशानं?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं.

"कशानं म्हन्जे? हातानं." त्यांनी उजव्या हाताची मधली तीन बोटं टेबलावर टेकवली आणि थोडी पुढे ओढली. टेबलावर धूळ होती. तीन रेघा उमटल्या, एका जागेहून निघून पुढे फाकलेल्या. "घाईत नीट झालं नसन. आत्या चिमणी म्हने, तवा मले वाटलं आता हसतो मी सगळ्यांसमोर. म्हनून बाथरूममधी गेलो. तिथं गेल्यावर हसलो नाही."

मी त्या धुळीकडे बघत राहिले. मला बाबांचा राग आला. इतका राग मला सहा महिन्यांत कशाचाच आला नव्हता. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि तीही यांची बोटं निघाली. चिमणी नव्हती. कोणी आलं नव्हतं. एक बाप कूलर लावून बसला होता, एक मुलगी पंखा लावून झोपली होती, आणि दोघांनी एकमेकांपासून पीठ सारखं करून ठेवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं की तुम्ही नीट का नाही केलं, माझं बघा, मी कसं सपाट केलं होतं.

बाबा स्टेजकडे बघत होते. समोर खाट होती. चादर अर्धी खाली लोंबत होती, खाटेवर कोणी नव्हतं. तिच्यावर तो पिवळट उजेड पडला होता. आईचं काम करणारी पोरगी बाहेर कुठेतरी मोठ्याने हसत होती, तिचा आवाज इथवर येत होता.

"कोनी नाही तिथं," बाबा म्हणाले. "लाइट कायले चालू आहे?"

सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले. आवाजात नेहमीची कुरबुर नव्हती. ते विचारत होते.

मी फेडरवर बोट ठेवलं. नऊ, आठ, सात. पाचच्या खाली गेल्यावर दिवा लालसर होतो, प्रकाश पडत नाही, नुसती तार दिसते. ती तार दिसली, मग तीही गेली. खाट दिसेनाशी झाली. दारातून थोडा उजेड येत होता तो आमच्यापर्यंत पोचत नव्हता.

गाल माझा होता. तो ओला झाला तेव्हा मला ते कळलं. आधी मला वाटलं नाक वाहतंय, मग आवाज निघाला, आणि तो मला आवरेना. असा आवाज माझ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. मी बोर्डवर डोकं टेकवलं तर फेडर कपाळाला टोचले. बाबांनी चाचपडत माझ्या पाठीवर हात ठेवला. तीच बोटं, पण आता मला त्यांचा राग येत नव्हता.

भैया चहा पिऊन दारात आले आणि आत अंधार बघून त्यांनी हाक मारली, "बहिनी? उतारें क्या?"

"दो मिनट, भैया," बाबा म्हणाले. "अभी गरम है."